कुलूप, किल्ली आणि कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली. सांगण्यात शहाणपण होते. फार खोल खणत गेले, की हाती काय लागेल याचा नेम नसतो. पण जगात एक वर्ग असा आहे, की ज्याला हा उपदेश कधीच मानवला नाही. तो म्हणजे प्राणिशास्त्रज्ञांचा. समोर एखादा किडा आला, की ही मंडळी त्याला लगेच नाव, गाव आणि कूळ विचारू लागतात. किडा बिचारा काय बोलणार? मग ते त्याच्या मिशांचे पेर मोजतात, पायांची नखे पाहतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर थेट त्याच्या पोटात शिरतात.

अशाच एका कूळशोधनाची हकीकत यंदाच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो. किडा जपानचा आहे. त्याचा ठावठिकाणा लावताना एकामागून एक तीन साक्षीदार पुढे आले. तिघेही खरे बोलले, आणि तरीही निकाल देताना मोठमोठ्या विद्वानांत मतभेद झाला. तो कसा, हेच सांगावयाचे आहे.

जपानी भाषेत या किड्याला ‘ओसामुशी’ म्हणतात. ‘मुशी’ म्हणजे किडा. आपल्याकडे ज्यांना भुंगेरे म्हणतात, म्हणजे ज्यांचे पुढचे पंख टणक होऊन पाठीवर ढालीसारखे बसलेले असतात, त्यांतलाच हा एक. पण उडण्याऐवजी जमिनीवर तुरुतुरु पळणारा. जपानातल्या मुलांना तो इतका ओळखीचा, की त्याने एका मोठ्या माणसाच्या नावात घर केले आहे. ‘ॲस्ट्रो बॉय’ या पोलादी मुलाची चित्रकथा १९५२ साली ज्याने सुरू केली, तो चित्रकार तेझुका ओसामू (१९२८–१९८९) शाळकरी वयात किड्यांच्या मागे वेडा होता. स्वतःचे नाव ओसामू, आणि किडा ओसामुशी! त्या पोराला एवढा आनंद झाला, की त्याने आपल्या नावाला ‘किडा’ हे अक्षर जोडून टाकले. पुढे तो वैद्यकी शिकला, जगप्रसिद्ध झाला, पण ते अक्षर जन्मभर त्याच्या सहीत राहिले.

आता या किड्याची राहणी पाहा. बहुतेक ओसामुशींचे मागचे पंख झडून गेल्यासारखे खुरटलेले असतात. त्यामुळे उडणे नाही. सारा संसार सहा पायांवर. दिवसा पाचोळ्याखाली किंवा दगडाखाली दडी मारावयाची आणि रात्री शिकारीला निघावयाचे. कोणी गांडुळे खातात, कोणी गोगलगायी. जपानातले हौशी संग्राहक त्यांना पकडण्यासाठी जमिनीत पेला पुरतात, तोंड जमिनीच्या बरोबर ठेवून. रात्री धावता धावता किडा त्यात पडतो आणि गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर येता येत नाही. थंडीत हेच किडे मातीत शिरून निजतात. तेव्हा ही मंडळी कुदळ घेऊन बांध आणि कडे खणत हिंडतात. थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी कुदळ खांद्यावर टाकून किडे खणावयास निघालेला गृहस्थ पाहून शेजारपाजारचे काय म्हणत असतील, ते ज्याचे त्याला ठाऊक!

उडता येत नाही, या एका गोष्टीत पुढच्या साऱ्या कथेचे बीज आहे. ज्याला पंख आहेत तो नदी ओलांडतो, डोंगर ओलांडतो. ज्याला पंख नाहीत, त्याला एक रुंद नदी म्हणजे समुद्रच. नदीच्या अल्याडचे अल्याड राहतात, पल्याडचे पल्याड. हजारो पिढ्या अशा गेल्या, की दोन्हीकडच्यांचे रूप, सवयी आणि अंगची घडण हळूहळू निराळी होत जाते. डोंगरदऱ्यांनी आणि बेटांनी भरलेल्या जपानात म्हणूनच या किड्यांच्या नाना तऱ्हा झाल्या. मग प्रश्न आला, की यांतल्या किती तऱ्हा म्हणजे खरोखर वेगळ्या जाती, आणि किती नुसते घरातलेच गोरे-सावळे भाऊ?

‘जाती’ हा शब्द येथे केवळ शास्त्राच्या अर्थाने घ्यावयाचा. माणसे तर सारी एकाच जातीची आहेत, हे शास्त्राने केव्हाच सांगून ठेवले आहे. १९४२ साली एर्न्स्ट मायर या शास्त्रज्ञाने जातीची जी व्याख्या मांडली, ती समजावयास सोपी आहे. ज्यांची निसर्गात आपसांत सोयरीक होते आणि वंश पुढे चालतो, ती एक जात. ज्यांची सोयरीक जमत नाही, त्या वेगळ्या. दिसण्याचा प्रश्न नंतरचा.

नावे ठेवण्याची रीत त्याहून जुनी आहे. स्वीडनचे लिनेअस यांनी १७५८ साली प्राण्यांची जी यादी छापली, तिच्यापासून प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा अधिकृत हिशेब सुरू होतो. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर लिहितात ना, तशीच ही पद्धत. आपल्या किड्याचे आडनाव ‘कॅराबस’. तेही लिनेअसनेच दिले. आणि या आडनावावरून ज्या मोठ्या कुळाला ‘कॅराबिडी’ म्हणतात, त्यात जगभरच्या सुमारे ४०,००० जाती मोडतात. कुळाची ओळख पटवावयाची तर किडा उताणा करून पाहतात. मागच्या पायांच्या रुंद मुळांनी पोटाचा पहिला पट्टा मधोमध दुभंगलेला दिसला आणि बाकीच्या खुणाही जुळल्या, की कूळ ठरले. येथवर सारे सोपे आहे. अवघड पुढे आहे.

पहिला साक्षीदार अर्थातच डोळा.

डोळ्याची परीक्षा पाहावयाची तर जपानातला गोगलगायी खाणारा ओसामुशी घ्या. जपानी लोक त्याला ‘माइमाइकाबुरी’ म्हणतात, म्हणजे गोगलगाय डोक्यावर घालणारा. नाव अगदी समर्पक. त्याचे डोके आणि मान लांबट, सडपातळ असते. गोगलगाय शंखात आक्रसून बसली, तरी हा मान आत घालून तिला गाठतो, आणि तेव्हा शंखाची टोपी घातल्यासारखा दिसतो. व्हिएन्नाच्या कोलार यांनी १८३६ साली त्याला ‘दामास्टर ब्लॅप्टॉइडीस’ असे नाव दिले. पुढे युरोपीय संग्राहकांच्या हाती जपानच्या निरनिराळ्या भागांतले नमुने येऊ लागले, आणि प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा निराळा! उत्तरेकडचा हिरव्या-तांबूस झळाळीचा, पश्चिमेकडचा काळाकुट्ट. साडो नावाच्या बेटावरचा तर चक्क मोठ्या डोक्याचा आणि आखूड मानेचा. त्याला लुईस या इंग्रज संग्राहकाने १८८१ साली ‘कॅपिटो’ म्हणजे ‘डोकेवाला’ असे नाव देऊन वेगळा काढला. अशा रीतीने पाहता पाहता माइमाइकाबुरीच्या कितीतरी जाती कागदावर तयार झाल्या.

आज त्या सगळ्यांना एकाच जातीत बसवतात. साडोचा डोकेवाला शंखात मान घालीतच नाही. तो मजबूत जबड्यांनी शंख फोडून खातो. सडपातळ मानेला शंखात शिरता येते, पण जबड्यात जोर येत नाही. जोर हवा तर डोके मोठे हवे, आणि मग ते शंखात मावत नाही. दोन्ही एकदम मिळावयाचे नाही, हे कोनुमा आणि चिबा या जपानी अभ्यासकांनी २००७ साली दाखवून दिले. म्हणजे एवढा मोठा दिसणारा भेद हा पोट भरण्याच्या पद्धतीचा भेद होता. पुढे प्रयोगशाळेत सडपातळ आणि डोकेवाल्या किड्यांची जोडी जमवून पाहिली, तर त्यांना पिल्ले झाली आणि त्या पिल्लांचाही वंश चालला. डोळ्याने ज्यांना परके ठरवले होते, ते घरचेच निघाले.

आता याच्या नेमकी उलट गोष्ट पाहा.

जपानच्या मुख्य बेटांवर ‘ओहोमॉप्टेरस’ नावाची ओसामुशींची एक शाखा आहे. हे किडे साधारण दोन ते तीन सेंटिमीटर लांब, काळपट किंवा तांब्याच्या रंगाचे. त्यांची पिल्ले गांडुळांवर वाढतात. नवख्या माणसापुढे दहा ठिकाणचे दहा किडे ठेवले, तर तो म्हणेल, ‘अहो, हे सारे एकाच आईची लेकरे दिसतात!’ पण या एका शाखेत सुमारे १५ जाती मानल्या जातात.

त्यांतल्या दोघांशी आपण ओळख करून घेऊ. कोबे शहराच्या पाठीशी सुमारे ७०० मीटर उंचीचा माया नावाचा डोंगर आहे. हे नाव ऐकून वाचकांचे कान टवकारले असतील, आणि ते योग्यच आहे. बुद्धाची माता मायादेवी, तिच्या मंदिरावरून या डोंगराला हे नाव पडले. जपानी भाषेत डोंगराला ‘सान’ म्हणतात. लंडनमध्ये बसून जपानी किड्यांचे वर्गीकरण करणारे हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८७३ साली तेथल्या ओसामुशीचे बारसे केले आणि नाव ठेवले ‘कॅराबस मायासानस’. अशा रीतीने लुंबिनीची मायादेवी एका जपानी किड्याच्या नावात जाऊन बसली. दुसरा किडा ओसाकाच्या दक्षिणेला इवावाकी डोंगरावरचा, ‘कॅराबस इवावाकिआनस’. त्याला हे नाव मिळावयास आणखी ८० वर्षे लागली. ते ताकेहिको नाकाने यांनी १९५३ साली दिले. सोयीसाठी आपण पहिल्याला मायावाला आणि दुसऱ्याला इवावाकीवाला म्हणू.

हे दोघे ओळखावयाचे कशावरून? येथे दुसरा साक्षीदार पुढे येतो, आणि त्याची गोष्ट जरा नाजूक असली तरी शास्त्राची आहे. नराच्या जननेंद्रियाच्या आत एक चिमुकला टणक तुकडा असतो, आणि मादीच्या शरीरात नेमका त्या मापाचा एक खिसा असतो. मायावाल्याचा तुकडा लांब आणि निमुळता, इवावाकीवाल्याचा आखूड आणि रुंद. त्या त्या जातीच्या मादीचा खिसाही त्याच बेताचा. ओसाका आणि नारा यांच्या सीमेवर कोंगो डोंगर आहे. तेथल्या ‘कॅराबस उएनोई’ या किड्याचा तुकडा तर शाखेतल्या इतरांच्या मानाने कमालीचा लांब आहे. १९६० साली त्याचे वर्णन करणाऱ्या रयोसुके इशिकावा यांनी या टणक तुकड्यांचा बारकाईने अभ्यास करून ओसामुशींची वर्गवारी लावली. १९९१ साली त्यांनी या विषयावर एक पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘ओसामुशींना वेगळे करणारे कुलूप आणि किल्ली’ असा आहे.

कुलूप आणि किल्लीची ही कल्पना त्याआधीची. १८४४ साली लेआँ द्यूफूर या फ्रेंच डॉक्टरने ती मांडली होती. प्रत्येक जातीचे कुलूप वेगळे, किल्ली वेगळी, म्हणून परक्याचा शिरकाव होत नाही आणि जात टिकते, असे त्याचे म्हणणे. कल्पना सुबक होती. पण पुढे पुष्कळ किड्यांत तपासून पाहिले, तेव्हा ती टिकेना. किल्ली न जुळताही कुलपे उघडत होती. त्यामुळे अनेकांनी ती गोष्ट सोडून दिली होती.

१९९८ साली तेईजी सोता आणि कोहेई कुबोता यांनी मायावाला आणि इवावाकीवाला यांच्या मिश्र जोड्या लावून पाहिल्या. नर-मादी एकमेकांना परके मानीत नव्हते. जोडी जमत होती. पण परिणाम वाईट होता. काही माद्यांना आत जखमा झाल्या आणि त्या दगावल्या. काही नरांचा तो टणक तुकडा मोडला. ज्या वाचल्या, त्यांची अंडी फळण्याचे प्रमाण घटले. चुकीची किल्ली जोर करून फिरवली तर काय होते, हे ज्याने कधी घाईगर्दीत कुलूप बिघडवले असेल त्याला सांगावयास नको. द्यूफूरची कल्पना साऱ्या किड्यांना लागू पडत नसेल, पण या जपानी किड्यांत ती खरी निघाली. ज्या किल्लीवरून पंडित जात ओळखत होते, त्याच किल्लीमुळे ती जात वेगळी राहात होती.

आता वाटेल, की झाला निकाल. डोळा फसला, किल्लीने खरे सांगितले. पण थांबा, तिसरा साक्षीदार अजून यावयाचा आहे.

स्योझो ओसावा हे नागोया विद्यापीठातले नामांकित रेण्वीय जीवशास्त्रज्ञ. लहानपणापासून किड्यांचा नाद. निवृत्तीनंतर माणूस गावी जाऊन बाग करतो. ओसावा ओसाकाजवळच्या ताकात्सुकी येथे १९९३ साली उघडलेल्या एका संशोधनगृहात ओसामुशींचा डीएनए वाचावयास बसले. एकट्याने हे काम होण्यासारखे नव्हते. जपानभरच्या हौशी संग्राहकांनी, त्या कुदळवाल्या मंडळींनी, त्यांना किडे पाठवले. पगारी विद्वान आणि बिनपगारी हौशी यांनी मिळून एवढे मोठे काम केल्याची उदाहरणे थोडीच असतील.

त्यांनी वाचला तो डीएनए पेशीतल्या तंतुकणिकांचा. तंतुकणिका म्हणजे पेशीची वीजघरे म्हणा ना. त्यांच्यात स्वतःचा थोडासा डीएनए असतो आणि तो केवळ आईकडून येतो. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला. बापाचा त्यात वाटा नसतो. म्हणजे आडनाव जसे बापाच्या बाजूने चालते, तसे हे आजोळचे नाव आईच्या बाजूने चालते. हा डीएनए वाचावयास सोपा, बदलतोही भराभर; म्हणून कूळ शोधणाऱ्यांना तो फार सोयीचा.

माइमाइकाबुरीच्या बाबतीत त्याने सुंदर माहिती दिली. पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे किडे अशा दोन मोठ्या शाखा निघाल्या, आणि त्यांची फाटाफूट सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या काळाशी जुळली, जेव्हा जपानची बेटे आशिया खंडापासून सुटत होती. पंख नसलेल्या किड्याच्या अंगात देशाचा भूगोल लिहिलेला सापडला. पण ओहोमॉप्टेरसपाशी येताच हिशेब बिघडला. किल्लीवरून जे एका जातीचे ठरले होते, ते निरनिराळ्या प्रांतांतले किडे आजोळच्या नावाने एकत्र येईनात. उलट एकाच प्रांतात राहणाऱ्या दोन वेगळ्या जातींचे आजोळ एकच निघाले!

याचा अर्थ काय लावावयाचा? ओसावांच्या मंडळींनी डीएनएवर विश्वास ठेवला. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक प्रांतात एक मूळ वंश होता आणि त्यातूनच ठिकठिकाणी स्वतंत्रपणे, जणू बटण दाबावे तसे, ठरावीक रूपांचे किडे पुन्हा पुन्हा निर्माण झाले. म्हणजे इकडचा आणि तिकडचा आखूड किल्लीवाला एकमेकांचे कोणीच नव्हेत; साम्य निव्वळ योगायोगाचे. ही गोष्ट खरी असती, तर इशिकावांचे आयुष्यभराचे वर्गीकरण पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले असते. इतकेच नव्हे, तर सजीवांचे रूप हळूहळू बदलते की उड्या मारीत बदलते, या मोठ्या प्रश्नाचे उत्तरही दुसरीकडे झुकले असते. एका बोटभर किड्याच्या आजोळावर एवढे अवलंबून होते.

२००१ साली सोता आणि लंडनचे आल्फ्रीड फोग्लर यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी पेशीच्या केंद्रकातला डीएनए वाचला, जो आई आणि बाप दोघांकडून येतो. त्याने दिलेली वंशावळ आणि आजोळची वंशावळ जुळेनात. केंद्रकाची साक्ष रूपाच्या आणि किल्लीच्या बाजूला पुष्कळच अधिक झुकत होती. मग आजोळ एक कसे झाले? उत्तर सोयरिकीत होते.

कुलूप मजबूत असले तरी हजारांत एखादे वेळी ते उघडतेच. समजा, नदीकाठच्या सरहद्दीवर एका जातीच्या मादीची दुसऱ्या जातीच्या नराशी जोडी जमली आणि नशिबाने पिल्ले झाली. त्यांतल्या लेकीने पुन्हा बापाच्या जातीचा नर केला. तिच्या लेकीनेही तसेच. आता हिशेब करा. पहिल्या पिढीत मूळ आईचे निम्मे रक्त, दुसरीत पाव, तिसरीत आठवा हिस्सा. दहाव्या पिढीला ते एक हजारांशाहून कमी उरते. रूप बापाच्या जातीचे, किल्ली बापाच्या जातीची, सवयी बापाच्या जातीच्या. पण तंतुकणिका? त्या मात्र शंभर टक्के त्या पहिल्या मादीच्याच, कारण त्या आईकडून लेकीकडे जशाच्या तशा येत राहिल्या. दहा पिढ्यांपूर्वी परक्या घरून आलेली एक पणजी सारे घर बदलू शकली नाही, पण आपली एक खूण कायमची ठेवून गेली.

ज्या किड्याच्या डोंगराला मायादेवीचे नाव, त्याच्या बाबतीत आईकडची साक्षच कोड्यात टाकणारी ठरावी, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

ओसावांच्या डीएनएने खोटे सांगितले नव्हते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याला विचारले होते, ‘हा किडा कोणत्या जातीचा?’ आणि त्याला ठाऊक होते एवढेच, की ‘याच्या आईच्या आईची आई कुठली?’ त्याने ठाऊक होते ते सांगितले. न्यायालयात साक्षीदार प्रामाणिक असूनही निकाल चुकतो तो असाच. त्याने जे पाहिलेच नाही, ते त्याच्या तोंडी घातले जाते. बाकी ओसावांनी आणि त्यांच्या हौशी मित्रांनी जे किडे जमवले, जो डीएनए वाचला, त्याच्यावाचून हा प्रश्न कोणाला पडलाही नसता.

आता कोणी विचारील, की चार जपानी किड्यांची ही भानगड आमच्या घरी कशाला? कारण सांगतो. २००३ साली कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी एक सूचना केली. साबणाच्या वडीवर काळ्या रेघांची पट्टी असते, दुकानदार ती यंत्रापुढे धरतो आणि नाव-किंमत उमटते. तसा प्रत्येक प्राण्याच्या डीएनएचा एक लहानसा तुकडा वाचून त्याचे नाव काढावे. ही पद्धत आज जगभर चालते. बंदरात उतरलेल्या धान्यात कोणती कीड आहे, बाजारात मासा म्हणून विकला जातो तो खरोखर कोणता, हे तिने पटकन कळते आणि बहुतेक वेळा बरोबर कळते. पण तो तुकडाही तंतुकणिकांचाच असतो, आईकडचा! ओहोमॉप्टेरससारखे कूळ समोर आले, की यंत्र आत्मविश्वासाने आजोळचे नाव सांगून मोकळे होणार. म्हणून शहाणा तज्ज्ञ यंत्राचे ऐकतो आणि मग भिंगातून किडाही पाहतो.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. कोंगो डोंगरावरचा तो लांब किल्लीवाला जगात केवळ त्या डोंगराच्या परिसरातच सापडतो. त्याला कोणी ‘नेहमीच्याच किड्याचा एक प्रकार’ म्हणून यादीतून काढले, तर उद्या त्या डोंगराचे जंगल गेले तरी कागदावर काहीच गेले असे दिसणार नाही. ज्याला नाव नाही, त्याची हरवल्याची तक्रारही नोंदवता येत नाही. उलट, माइमाइकाबुरीसारख्याच्या प्रत्येक रंगाला वेगळी जात म्हणत बसलो, तर नावांच्या गर्दीत खरे भेद बुडून जातात. नाव देणे आणि नाव काढून घेणे, दोन्ही जबाबदारीचीच कामे.

आपल्याकडेही या कुळाचे भाऊबंद आहेत. कोरड्या माळरानावर एक मोठा काळा भुंगेरा धावताना दिसतो, पाठीवर सहा पांढरे ठिपके. तो कॅराबिडी कुळातलाच. त्याला उचलावयाच्या भानगडीत पडू नये. डिवचला तर तो झोंबणारा द्रव उडवतो. दुरून पाहण्यात मौज पुष्कळ आहे.

आणि सुट्टीत घरातली मुले आगपेटीत किडे भरू लागली, तर आयांनी लगेच ओरडू नये. एवढेच सांगावे, की मेलेला किडा ठेवणार असाल तर त्याच्याजवळ चिठ्ठी लिहून ठेवा: कोठे सापडला, केव्हा सापडला, कोणाला सापडला. संग्रहालयांतही प्रत्येक किड्याच्या टाचणीला हीच चिठ्ठी टोचलेली असते. बेट्सनी ठेवलेली नावे पुढच्यांनी तपासली, मोडली, पुन्हा जोडली. पुढेही मोडतील. पण अमुक डोंगरावर, अमुक दिवशी हा किडा होता, हे चिठ्ठीवरचे वाक्य कोणी बदलू शकत नाही. उद्याच्या नव्या साक्षीदाराला उलटतपासणी करावयाची झाली, तर तो पहिल्यांदा तीच चिठ्ठी मागेल.